स्कोअर नको, शेजार सांगा!

बी.एस्सी., बी.फार्म. किंवा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल, तर हा प्रकार तुमच्या चांगल्याच ओळखीचा असणार. प्रोजेक्टची तारीख जवळ येते आणि कुठून तरी सीनियरची फाइल मिळते. हळद, गुळवेल नाहीतर तुळशीतलं एखादं रसायन घ्यायचं, एखादं प्रोटीन घ्यायचं आणि कॉम्प्युटरवर दोघांचं ‘डॉकिंग’ करायचं. सॉफ्टवेअर एक आकडा देतं, समजा उणे ८.७. मग एक निळं-हिरवं चित्र, त्याखाली तो आकडा आणि शेवटी ठरलेलं वाक्य : ‘हे रसायन अमुक आजारावर संभाव्य औषध ठरू शकते.’ स्पायरल बाइंडिंग, व्हायवा, विषय संपला.

अशा व्हायवात एकच प्रश्न विचारून बघा. हे रसायन प्रोटीनच्या नेमक्या कोणत्या अमिनो ॲसिडला चिकटलंय? किती अंतरावर? आणि त्याच जागी का? बहुतेक वेळा उत्तर येत नाही. चित्रात सगळं दिसत असतं, पण बघितलेलं कुणीच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, प्रोटीनच्या अभ्यासात आकडा ही फार तर सुरुवात असते. खरा अभ्यास शेजाराचा असतो. कोणतं अमिनो ॲसिड कुणाला लागून आहे, कुणी कुणाला धरून ठेवलंय, कुणाच्या जाण्यानं काय सुटतं, हे सांगता आलं तर तुम्ही प्रोटीन समजून घेतलं. आणि हा अभ्यास करायला पुणे-मुंबई गाठायची गरज नाही. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर, कुठेही बसून तो होतो. आपल्या विदर्भाला तर त्याची गरजही आहे. ती कशी, ते पुढे बघू.

हजेरीपट आणि कँटीन

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडच्या मण्यांची माळ. वीस प्रकारचे मणी, एका ठरावीक क्रमानं ओवलेले. माळेतल्या प्रत्येक मण्याला ‘रेसिड्यू’ म्हणतात, हे तुम्ही शिकलाच आहात. पण माळ सरळ लांब पडून राहत नाही. ती स्वतःभोवती घडी घालते, गुंडाळते आणि एक आकार धरते.

तुमच्या वर्गाचा विचार करा. हजेरीपटात रोल नंबर ६ आणि रोल नंबर ८५ यांच्यात ७८ जणं आहेत. पण कँटीनमध्ये दोघं एकाच टेबलावर, एका कटिंगमध्ये दोघांचा चहा. हजेरीपट बघून ही दोस्ती कधीच कळणार नाही, त्यासाठी कँटीनमध्येच जावं लागेल. प्रोटीनचंही असंच आहे. मण्यांचा क्रम म्हणजे हजेरीपट, घडी घातल्यावरचा आकार म्हणजे कँटीन. माळेत लांब असलेले दोन मणी घडीमध्ये एकमेकांना अगदी खेटून बसलेले असतात. त्यालाच ‘रेसिड्यू कॉन्टॅक्ट’ म्हणतात.

शेजार मोजायचा कसा? अंतरावरून. प्रोटीनमधल्या प्रत्येक अणूची जागा क्ष, य आणि झ अशा तीन आकड्यांत फाइलमध्ये लिहिलेली असते. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं सूत्र तुम्ही अकरावी-बारावीत घोकलेलं आहे. तेच इथं लागतं. एकक असतं अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. दोन रेसिड्यूंचे हायड्रोजन सोडून बाकीचे अणू साधारण साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत आले, तर ते एकमेकांना लागलेत असं धरायची पद्धत आहे. काही जण दोघांच्या अल्फा कार्बनमधलं अंतर घेतात आणि आठ अँगस्ट्रॉमची मर्यादा ठेवतात. हायड्रोजन बंध असेल तर दोन्हीकडच्या अणूंमधलं अंतर साडेतीनच्या आतबाहेर असतं. गंधकाचा पूल असेल तर दोनच्या जरा वर.

हे सगळं एका चौकोनी तक्त्यात मांडलं की ‘कॉन्टॅक्ट मॅप’ तयार होतो. आडवे रोल नंबर, उभे रोल नंबर आणि जिथं शेजार आहे तिथं ठिपका. हा नकाशा वाचायला शिकलात की मजा येते. कर्णाला चिकटून जाड पट्टी दिसली तर तिथं अल्फा हेलिक्स आहे, कारण हेलिक्समध्ये प्रत्येक मणी आपल्यापुढच्या चौथ्या मण्याला धरतो. कर्णाला काटकोनात जाणारी रेघ दिसली तर माळ उलटी फिरून स्वतःशेजारी येऊन बसली आहे. अख्ख्या त्रिमिती प्रोटीनची कुंडली एका कागदावर!

सहाव्या मण्याची गोष्ट

आता या शेजाराचं महत्त्व किती, ते बघायला आपल्या रक्तातच डोकावू. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे साधारण २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणूत चार साखळ्या : दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ मणी. त्यातला सहावा मणी ग्लुटामिक ॲसिडचा. त्याच्यावर विद्युतभार असतो, पाण्यात तो खुश असतो. ज्यांना सिकलसेल आजार आहे त्यांच्यात बहुतेक वेळा दोन्ही बीटा साखळ्यांत या जागी व्हॅलिन असतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं, पाणी टाळणारं. १४६ पैकी एक मणी बदलला, बाकी सगळं तेच.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, या रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभारच वेगळा आहे. सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ हे नाव तेव्हाच मिळालं. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एक मणी शोधून काढला. पण मणी बदलला म्हणून पेशी विळ्यासारखी वाकडी का व्हावी?

आता नीट ऐका, कारण या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बदललेल्या हिमोग्लोबिनचा आकार नेहमीच्या हिमोग्लोबिनसारखाच असतो. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवली तर फरक शोधायला भिंग लागेल. आजार आकारात नाही, शेजारात आहे.

हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याच्या बीटा साखळीवर एक छोटी खाच तयार होते. ८५ नंबरचं फिनाइलॲलानिन आणि ८८ नंबरचं ल्युसिन मिळून ती बनवतात. ही खाच तुमच्या-माझ्या हिमोग्लोबिनमध्येही असते. म्हणजे काज सगळ्यांच्याच शर्टाला आहे, बटण मात्र नाही. सिकलसेलमध्ये सहाव्या जागेचं व्हॅलिन हे बटण होतं. पाणी टाळायला जागा शोधणारं ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या काजात जाऊन बसतं. त्या रेणूचं बटण आणखी पुढच्या रेणूत. अशी रांग लागते, रांगा एकमेकींना पीळ घालतात आणि १४ दोऱ्यांचा ताठ दोर तयार होतो. आपण कापसाच्या मुलखातले, पिळानं सुताला किती बळ येतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तोच दोर पेशीला आतून ताणतो, पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि माणूस वेदनेनं तळमळतो.

रक्ताची साधी सिकलसेल तपासणी बघितली आहे का? नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. त्यातला ऑक्सिजन काढून घेणारं रसायन आधीच घातलेलं असतं. द्रावण गढूळ झालं आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी करायची. ऑक्सिजन निघून गेल्यावर एकमेकांना बिलगून न विरघळणारं हिमोग्लोबिन असं उघड्या डोळ्यांना दिसतं. मात्र माणूस वाहक आहे की रुग्ण, हे या नळीवरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते.

शेजार कळला की इलाजाची दिशाही कळते. सिकलसेल असलेल्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. बीटामध्ये ८७ नंबरला थ्रिओनिन असतं, गॅमामध्ये तिथं ग्लुटामिन असतं. ही जागा काजाच्या अगदी जवळची, आणि ग्लुटामिन अंगानं मोठं. ते मध्ये आलं की दोर नीट वळला जात नाही. हायड्रॉक्सीयुरिया हे जुनं औषध गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण वाढवूनच काम करतं. आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘लिफजेनिया’ या जीन उपचारात रुग्णाच्या पेशींना जी बीटा साखळी दिली जाते, तिच्यात ८७ नंबरला मुद्दाम ग्लुटामिन बसवलेलं आहे. तिथली किंमत ३१ लाख डॉलर! एका मण्याचा शेजार कळण्याचं मोल किती, ते यावरून बघा.

भारतीयांनी हे आधीच केलंय

‘आपल्याकडे लॅब नाही, मशीन नाही’ ही तक्रार खरी आहे. पण ती सगळीकडे लागू पडत नाही. मद्रासचे जी. एन. रामचंद्रन यांचा ‘रामचंद्रन प्लॉट’ तुमच्या बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात आहे. पाच मार्कांना येतो म्हणून आपण त्याची आकृती पाठ करतो. पण तो जन्माला कसा आला?

१९५४-५५ मध्ये रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी कोलॅजनची तिहेरी पिळाची रचना मांडली. त्यावर टीका झाली की, यातले काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आलेत, एवढं जवळ येणं शक्य नाही. रामचंद्रन यांनी मग काय केलं? तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना गोळा केल्या आणि अणू-अणूंमधली अंतरं तपासली. कोणता अणू कोणत्या अणूच्या किती जवळ येऊ शकतो, याची यादी केली. त्या यादीवरूनच शशिशेखरन आणि रामकृष्णन यांच्यासोबत १९६३ मध्ये तो प्रसिद्ध नकाशा आला. दुसऱ्यांनी प्रसिद्ध केलेली माहिती, अंतराचं सूत्र आणि चिकाटी यांवर हे काम झालं, तेही आजच्यासारखे संगणक नसताना. जगभरात नवी प्रोटीन रचना आली की ती आजही या नकाशावर तपासली जाते.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर पुणे विद्यापीठाचं घ्या. तिथल्या कोळसकर आणि टोणगावकर यांनी १९९० मध्ये एक पद्धत मांडली. प्रोटीनचा कोणता भाग अँटिबॉडीच्या नजरेत भरेल, हे नुसत्या क्रमावरून ओळखायचं. तिचा आधारही आधी प्रसिद्ध झालेली माहितीच होती. लसीवर काम करणारे अभ्यासक आजही ती वापरतात.

तुमच्या हातात तर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबी, १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली. आज तिथं दोन लाखांहून जास्त रचना आहेत आणि सगळ्या फुकट. फी नाही, शिफारस नाही, ‘सरांची सही’ नाही.

एआय करेल की!

हा प्रश्न येणारच. अल्फाफोल्डनं २० कोटींहून जास्त प्रोटीनच्या रचनांचा अंदाज फुकट उपलब्ध करून दिलाय. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांना या क्षेत्रातल्या कामासाठीच मिळालं. मग आपण अंतरं कशाला मोजत बसायची?

एक तर अल्फाफोल्ड शिकलं कुणाकडून? पीडीबीतल्या, माणसांनी वर्षानुवर्षं खपून काढलेल्या रचनांकडून. त्याच्या आधीची मोठी कल्पनाही शेजाराचीच होती. उत्क्रांतीत दोन जागचे मणी जोडीनं बदलत असतील, तर ते घडीमध्ये एकमेकांना लागून असण्याची शक्यता जास्त.

दुसरं म्हणजे, सिकलसेल आठवा. सहावा मणी बदलून एका साखळीची रचना विचारली, तर एआय जवळपास तोच आकार परत देईल. आणि ते चूक नाही, कारण आकार खरंच तोच आहे. आजार कुठं आहे, हे शोधायला ‘हा मणी बाहेरच्या बाजूला आहे, तर तो कुणाला भेटेल?’ असा प्रश्न माणसाला सुचावा लागतो. उत्तरं स्वस्त झाली आहेत, म्हणून प्रश्नाची किंमत वाढली आहे.

मात्र उलट्या बाजूनं सावधही राहा. शेजार सापडला म्हणजे औषध सापडलं, असं नसतं. व्हॉक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या पहिल्याच मण्याला धरायचं. कागदावर कल्पना सुंदर होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला. एवढ्या अभ्यासानंतर हे होऊ शकतं, तर उणे ८.७ च्या जोरावर ‘संभाव्य औषध’ लिहिताना आपला हात जरा अडखळायला हवा.

आपल्या जिल्ह्याशी याचा काय संबंध?

आहे ना. विदर्भात सिकलसेलची वैद्यकीय नोंद १९५८ मध्येच नागपूरहून झाली होती. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत आदिवासी वस्त्या आहेत. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणं, हे तिचं लक्ष्य. या वयोगटात तुम्ही सगळे येता. मात्र हा ‘त्यांचा’ आजार असं म्हणून हात झटकू नका. विदर्भात तो एकाच समाजापुरता नाही.

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिकेतले गुण मोजतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे मोजत नाहीत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो आपल्यासारखाच जगतो. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन नेहमीचं असेल, तर मुलांना हा आजार होत नाही. हे गावात कुणी समजावून सांगायचं? माझ्या मते, सहावा मणी आणि ८५-८८ ची खाच ज्याला कळली आहे, तो हे जास्त चांगलं सांगू शकतो. ‘रक्तात दोष आहे’ म्हटलं की घर घाबरतं, पोरीचं लग्न अडेल म्हणून रिपोर्ट लपवला जातो. ‘१४६ मण्यांतला एक मणी वेगळा आहे, त्यात कुणाची चूक नाही’ असं म्हटलं की ऐकणारा निदान पुढचा प्रश्न विचारतो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टसाठी यापेक्षा चांगला विषय कोणता असणार? अर्धं काम कॉम्प्युटरवर, अर्धं गावात.

आणि लोणारला विसरू नका. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा सगळ्यांनी सेल्फी काढले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी करून सांगितलं की, हा रंग मिठात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. एवढ्या खाऱ्या पाण्यात यांची प्रोटीनं टिकतात कशी? त्यांच्या पृष्ठभागावर ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक ॲसिडची गर्दी असते. मृत समुद्रातल्या अशाच एका जीवाच्या मॅलेट डिहायड्रोजनेजची रचना पीडीबीत आहे. ई. कोलायचं मॅलेट डिहायड्रोजनेजही आहे. दोन्ही उघडा आणि बाहेरच्या बाजूचे भारित मणी, त्यांचे एकमेकांशी झालेले बंध मोजा. सेल्फीपेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहील.

करून बघा

१. पीडीबीच्या वेबसाइटवर ‘२एचबीएस’ हा कोड टाका. १९९७ साली प्रसिद्ध झालेली ही सिकल हिमोग्लोबिनची रचना आहे. ब्राउझरमध्येच उघडते, नुसतं बघायला मोबाइलही चालतो.

२. बीटा साखळीतलं सहावं व्हॅलिन शोधा. काही डेटाबेसमध्ये सुरुवातीचं मेथिओनिन धरून त्याला सातवा नंबर देतात, गोंधळू नका.

३. त्याच्या साडेचार अँगस्ट्रॉममध्ये कोण कोण आहे, त्याची यादी करा. शेजारचा रेणू दिसत नसेल तर प्रोग्रॅमला स्फटिकातले शेजारी दाखवायला सांगा. प्रत्येक व्हॅलिन काजात बसलेलं नसेल. रेणूतल्या दोनपैकी एकच बटण अशा प्रकारे लागतं. दुसरं का लागत नाही, यावर विचार करा.

४. एका बीटा साखळीत १४६ मणी, म्हणजे १०,५८५ जोड्या. एक्सेलमध्येही अंतरं काढता येतात, पायथन येत असेल तर काही ओळींचं काम. कॉन्टॅक्ट मॅप काढा आणि हेलिक्स ओळखा.

५. मर्यादा चारची ठेवली, पाचची ठेवली, तर यादी कशी बदलते, ते लिहा. हे लिहिलेलं पान तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात प्रामाणिक पान असेल.

नोकरीचं काय, असंही तुम्ही विचाराल. औषध कंपन्या असोत, लस असो की कापसावरच्या किडीचं संशोधन, प्रोटीन कुणाला कुठं धरतं हा प्रश्न सगळीकडे आहे. डॉकिंगचं बटण दाबणारे हजारो आहेत. बटण दाबल्यावर काय झालं, हे सांगू शकणारे कमी आहेत. कुठल्या रांगेत उभं राहायचं, ते तुम्हीच ठरवा.

आणि सरांनो, मॅडम, तुमच्यापैकी कुणी हे पान वाचत असेल तर एक विनंती. यंदाच्या व्हायवात स्कोअर विचारू नका. ‘तुझ्या प्रोटीनमधला कुठलाही एक मणी घे आणि त्याचे शेजारी सांग,’ एवढंच विचारा. पुढच्या वर्षीच्या फायली आपोआप बदलतील.